गोल कवचाला नाव देताना

पुण्यात राहून समुद्री जीवाश्मांवर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण इथे समुद्र कधी होता?" प्रश्न रास्त आहे. वेताळ टेकडीवर नाहीतर सिंहगडावर कुठेही हातोडी मारा, बेसाल्टच लागतो, आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्यात फोरॅमिनिफेरा, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांची इवली कवचं, मिळायचं काही कारण नाही. आमच्या टेबलावर येतो तो हिंदी महासागराच्या तळाचा गाळ. जहाजावरून तळाला विवर पाडतात आणि गाळाचे लांब दंडगोल, म्हणजे गाभे, वर काढतात. हिंदी महासागरातले असे गाभे जपानमध्ये कोची इथल्या भांडारात जपून ठेवलेले असतात. अर्ज मंजूर झाला की हव्या त्या खोलीवरचे छोटे नमुने पाकिटांतून येतात. पाकिटावर मोहीम, स्थळ, विवर, गाभा, खंड आणि सेंटिमीटर एवढं लिहिलेलं असतं. ते पुसलं गेलं तर आतल्या गाळाचा काही उपयोग उरत नाही.

बेसाल्ट आणि फोरॅम यांचं नातं अगदीच नाही असंही नाही. राजमहेंद्रीजवळ दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये समुद्री गाळ सापडतो. २००८ मध्ये गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या तरंगत्या फोरॅमिनिफेरांवरून दाखवलं की खालचा लाव्हा क्रिटेशसच्या शेवटाच्या, म्हणजे डायनासोर संपले त्या सीमेच्या आसपास थांबला. टेकडीवर फिरायला गेले की मला हे आठवतं. पायाखालच्या दगडाच्या वयाचा एक पुरावा शेकडो किलोमीटरवरच्या इवल्या कवचांत आहे.

माझं काम त्याच्या बरंच पुढच्या काळातलं, मध्य मायोसीनचं, म्हणजे साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीचं. एका विवरात ऑर्ब्युलिना ही फोरॅमिनिफेरांची प्रजाती (जवळच्या नात्यातल्या जातींचा गट) सगळ्यात खाली कुठे दिसते ते शोधायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं, कारण ऑर्ब्युलिना गोल असते आणि गोल वस्तू ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. पण या प्रजातीचा उदय सुमारे १.५१ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात आणि उष्ण कटिबंधातल्या समुद्रांत एम-६ या, फोरॅमिनिफेरांवरून आखलेल्या कालपट्ट्याची सुरुवात त्यावरूनच ठरते. ती पातळी चुकली की तिच्या आधाराने काढलेलं गाळ साचण्याचा वेग, तापमान, सगळंच चुकत जातं. म्हणून हे नाव सावकाश द्यायचं असतं, आणि ते कसं दिलं जातं हे मला इथे सांगायचं आहे.

आधी धुणं. नमुना कमी तापमानाच्या ओव्हनमध्ये वाळवून वजन करायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचा, चिकणमाती सुटत नसेल तर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं. हे बेतानेच, कारण द्रावण आम्लधर्मी झालं तर कॅल्साइटची कवचंच खायला लागतं. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याची बारीक धार धरायची. माती खाली जाते आणि कवचं वर राहतात. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवतात. आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच जाळीत अडकून राहिलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात आलं तरी लगेच उठून दिसतं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं त्याचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात.

वाळलेला अवशेष १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढला की वर राहिलेला भाग काळ्या ट्रेवर पसरायचा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एकेक कवच ओल्या ब्रशच्या टोकाने उचलायचं. ब्रश तीन शून्यांचा, अप्पा बळवंत चौकातल्या चित्रकलेच्या दुकानात मिळतो. उचललेलं कवच साठ चौकोनांच्या स्लाइडवर ट्रॅगाकंथ डिंकाने चिकटवायचं. पुण्याच्या हवेचा इथे संबंध येतो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत स्थिर विजेमुळे कवच ब्रशवरून उडतं आणि मग शोधत बसावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये डिंकालाच बुरशी धरते. आमच्याकडे त्यात लवंगेच्या तेलाचे थेंब घालतात, त्यामुळे पावसाळाभर खोलीला लवंगेचा वास असतो.

आता मुख्य गोष्ट. तरंगते फोरॅमिनिफेरा एकपेशीय असतात. वाढताना कॅल्साइटचा एकेक नवा कप्पा जोडत जातात आणि मेल्यावर कवच तळाशी जातं. आज त्यांच्या साधारण पन्नास जाती जिवंत आहेत आणि ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा त्यांतलीच एक. तिचं पिलू गोल नसतं. ते चढत्या गुंडाळीत कप्पे बांधत जातं आणि अगदी शेवटी एक मोठा गोल कप्पा स्वतःच्या भोवती बांधतं. आधीचं सगळं घर त्या गोलाच्या पोटात राहतं. युनिव्हर्साचं जीवाश्म कवच सुईने फोडलं तर कधी कधी ती आतली नाजूक गुंडाळी बघायला मिळते. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी खोलीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवली होती.

हा गोल एकाएकी आला नाही. गाभ्यात खालून वर येताना तो घडताना दिसतो. सुरुवातीला ट्रायलोबॅटस ही प्रजाती: मोठे फुगीर कप्पे, नाभीपाशी (गुंडाळीच्या मधल्या खळग्याशी) मुख्य अपर्चर, म्हणजे कवचाचं तोंड, आणि पाठीच्या बाजूला कप्प्यांमधल्या सांध्यांवर जादा अपर्चर. भिंत मधाच्या पोळ्यासारखी, खळगे आणि त्यांच्या कडा अशी. मग शेवटचा कप्पा मोठा होत जातो आणि आधीच्यांना कवेत घ्यायला लागतो. नाभीवरचं मोठं अपर्चर झाकलं जातं आणि त्याच्या जागी शेवटच्या कप्प्याच्या तळाशी, सांध्यालगत, बारीक फटींची रांग येते. ही प्रीऑर्ब्युलिना: आधी सिकाना, मग ग्लोमेरोसा, मग सर्क्युलॅरिस, जी जवळजवळ गोल असते. त्यानंतर ऑर्ब्युलिना सुतुरॅलिस, जिच्यात आतल्या गुंडाळीचा थोडा उंचवटा बाहेरून दिसतो, आणि शेवटी पूर्ण गोल युनिव्हर्सा. डब्ल्यू. एच. ब्लो यांनी १९५६ मध्ये ही साखळी मांडली आणि फोरॅमिनिफेरांतल्या उत्क्रांतीचं उदाहरण म्हणून ती आजही शिकवतात. सिकाना सुमारे १.६४ कोटी वर्षांपूर्वी दिसायला लागते, सुतुरॅलिस १.५१ कोटींच्या आसपास. म्हणजे हा सगळा बदल जेमतेम तेरा लाख वर्षांत झाला.

अडचण नेमकी इथेच आहे. साखळी इतकी सलग आहे की कुठलंही कवच घेतलं तरी त्याच्या एका बाजूला थोडं कमी गोल आणि दुसऱ्या बाजूला थोडं जास्त गोल असं कवच मिळतंच. जातींच्या मधल्या रेषा आपण आखलेल्या आहेत. म्हणून पुस्तकातल्या चित्राशी जुळवून नाव देण्याची पद्धत इथे चालत नाही. चित्र एका कवचाचं असतं. जात मात्र एका कवचाची नसते. त्या एका नमुन्यातली सगळी गोल आणि गोलसर कवचं एका स्लाइडवर क्रमाने लावायची, त्यांच्यात केवढा फरक आहे ते आधी बघायचं, मग कोणत्या लक्षणावर रेषा मारणार ते लिहायचं, आणि नाव सगळ्यात शेवटी. माझ्या मार्गदर्शक मॅडम हे लक्षण एका वाक्यात सांगतात: "गोलाई नंतर. आधी अपर्चर कुठे आहेत ते सांग मला."

प्रीऑर्ब्युलिनात अपर्चर फक्त सांध्यालगत असतात. ऑर्ब्युलिनात ती शेवटच्या कप्प्याच्या भिंतीवरही, सांध्यापासून दूर, विखुरलेली असतात. सर्क्युलॅरिस कितीही गोल असली आणि तिच्या फटी कितीही लहान, गोलसर झालेल्या असल्या तरी भिंतीवर अपर्चर नाहीत तोवर ती प्रीऑर्ब्युलिनाच. सर्क्युलॅरिसचा उदय सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तिला ऑर्ब्युलिना म्हटलं तर वयात आठ-नऊ लाख वर्षांपर्यंत फरक पडू शकतो.

हे दिसायला मात्र कठीण. कवच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं, त्याच्या भिंतीला मुळातच असंख्य छिद्रं आणि त्यांतली काही मोठी. छिद्र कोणतं आणि अपर्चर कोणतं? काही युक्त्या आहेत, त्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेल्या असतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे अशाच जातात. कवचावर पाण्याचा थेंब ठेवला की चांगल्या जपलेल्या भिंतीतून आतले कप्पे दिसतात. खाण्याचा हिरवा रंग पाण्यात मिसळून ब्रशने लावला की तो सांध्यांत आणि अपर्चरमध्ये जाऊन बसतो आणि पांढऱ्या कवचावर रेषा उमटतात. शिवाय कवच सतत फिरवत राहायचं. बाकी जातींसाठी नाभीकडून, पाठीकडून आणि कडेने अशा तीन बाजू पुरतात, गोलाला मात्र बाजूच नसतात. एकाच कवचाकडे खूप वेळ बघितलं की भिंतीवर अपर्चर आहेत असं वाटायला लागतं. अशा वेळी आमच्या सीनियर ताई स्लाइड काढून घेत आणि म्हणत, "ऊठ, चहा पिऊन ये."

जतन कसं झालंय तेही बघावं लागतं. काही नमुन्यांतली कवचं काचेरी असतात, भिंतीचा प्रत्येक तपशील शाबूत. काहींतली पांढुरकी, दुय्यम कॅल्साइट वर चढलेली, आणि त्यात अपर्चर बुजून गेलेली. उलट तळाच्या पाण्याने विरघळायला सुरुवात केली असेल तर साधी छिद्रंच मोठी होऊन अपर्चरसारखी दिसतात. खऱ्या अपर्चरची कड नितळ असते, विरघळून झालेल्या भोकाची फाटकी. पण हा फरक खात्रीने सांगायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

त्यासाठी पाषाण रस्त्यावरच्या एका संस्थेत वेळ मागून घेतली. कार्बनच्या चिकटपट्टीवर कवचं बसवायची, त्यांवर सोन्याचा पातळ थर चढवायचा, आणि मग निर्वात कक्षात आत. सोनं चढलं की कवच पुन्हा साध्या मायक्रोस्कोपखाली पूर्वीसारखं दिसत नाही, म्हणून फोटो आधी काढून ठेवायचे. पडद्यावर पहिलं कवच आलं तेव्हा भिंतीचे खळगे, काटे जिथे उगवत होते त्या बारीक जागा, सगळं स्पष्ट होतं. आणि सांध्यापासून बरंच दूर, मोकळ्या भिंतीवर, नितळ कडेची गोल अपर्चर. तंत्रज्ञ काकांनी विचारलं, "हेच हवं होतं ना?" हेच हवं होतं. त्यांनी दिवसभर धातूचे आणि पॉलिमरचे नमुने बघितले असतील, पण त्या कवचाचे फोटो त्यांनी मी न सांगता आणखी दोन कोनांतून काढून दिले.

भिंतीची रचना अपर्चरइतकीच महत्त्वाची, कारण ती वंश सांगते. २०१५ मध्ये सिल्विया स्पेझाफेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्लोबिजेरिनॉइडिस या एका प्रजातीत आजवर ठेवलेल्या जाती दोन वेगळ्या मुळांच्या आहेत. रुबर या जातीच्या घराण्याकडे जुनं नाव राहिलं आणि ट्रायलोबस-सॅक्युलिफर या जातींच्या घराण्यासाठी ट्रायलोबॅटस ही नवी प्रजाती केली. ऑर्ब्युलिना त्या दुसऱ्या घराण्यातून आली. त्यामुळे जुने अहवाल वाचताना ग्लोबिजेरिनॉइडिस दिसलं की थांबून विचारावं लागतं, यांना आजच्या भाषेत कोण अभिप्रेत आहे?

मूळ वर्णनं वाचल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा आमच्याकडचा नियम मला आधी जाचक वाटायचा. आता वाटत नाही. युनिव्हर्साचं वर्णन आल्सिद दॉर्बिन्यी यांनी १८३९ मध्ये क्यूबाच्या वाळूवरून केलं. सुतुरॅलिस ब्रॉनिमान यांनी १९५१ मध्ये त्रिनिदादच्या गाळातून वेगळी काढली. ब्लो यांनी ग्लोमेरोसा १९५६ मध्ये दिली ती ग्लोबिजेरिनॉइडिसमधली म्हणून. ऑल्सन यांनी १९६४ मध्ये प्रीऑर्ब्युलिना ही प्रजाती केली आणि ग्लोमेरोसा तिकडे गेली. म्हणून आज तिच्यापुढे ब्लो यांचं नाव कंसात लिहितात. कंस म्हणजे जात यांनी दिली पण प्रजाती पुढे बदलली. सिकाना आणि तिच्यासारखीच दिसणारी बिस्फेरिकस ही जात यांचा गुंता वेगळाच आहे. पहिली दे स्तेफानी यांनी १९५२ मध्ये दिली, दुसरी टॉड यांनी १९५४ मध्ये, आणि दोन्ही एकच की वेगळ्या यावर बरीच वर्षं मतभेद होते. त्यामुळे जुन्या तक्त्यात सिकाना लिहिलं असेल तर त्या लेखकाने कोणाचं वर्णन धरलं होतं ते बघूनच पुढे जायचं.

माझ्या टेबलावर कायम उघडा असतो तो केनेट आणि श्रीनिवासन यांचा १९८३ चा निओजीन (मायोसीन ज्यात येतो तो कालखंड) फोरॅमचा अ‍ॅटलस. एम. एस. श्रीनिवासन बनारस हिंदू विद्यापीठातले. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा हा ग्रंथ निम्मा आपल्याकडच्या माणसाचा आहे, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. त्यात जाती वंशावळीने लावल्या आहेत. कोण कोणापासून आलं हे एकदा कळलं की मधल्या अवस्थेतलं कवच कोड्यात टाकत नाही. कुठून कुठे चाललंय ते समजतं.

तक्ता भरत आला तेव्हा एक विचित्र गोष्ट समोर आली. वरच्या नमुन्यांत सुतुरॅलिस होती, खाली उतरत गेलं की ती विरळ होऊन नाहीशी होत होती, त्याखाली सर्क्युलॅरिस आणि ग्लोमेरोसा. अपेक्षेप्रमाणेच. आणि त्याच्याही खाली, जिथे फक्त ग्लोमेरोसा आणि सिकाना होत्या, तिथे एकच एक पूर्ण गोल युनिव्हर्सा. तशी ती खरी असती तर या जातीचा इतिहास बदलावा लागला असता. मॅडमनी स्लाइड बघितली आणि पाकीट मागितलं. नमुना त्या गाभ्याच्या अगदी वरच्या टोकाजवळचा होता. विवर पाडताना वरचा गाळ भिंतींवरून सुटून खाली पडतो आणि पुढच्या गाभ्याच्या माथ्यावर जमा होतो. कवचाचं जतनही शेजाऱ्यांपेक्षा वेगळं होतं: बाकीची पांढुरकी, हे एकटं काचेरी. त्याच गाभ्यात थोड्या खालच्या नमुन्यांत युनिव्हर्सा अजिबात नव्हती. तक्त्यात ती नोंद ठेवली, पण पुढे "वरून पडलेलं असावं" असं कारणासह लिहिलं. नोंद पुसायची नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. उद्या कुणाला वेगळं वाटलं तर त्याला ते कवच सापडायला हवं.

एखादी जात पहिल्यांदा कुठे दिसते ते शोधताना वरून पडलेल्या कवचाची भीती, आणि शेवटी कुठे दिसते ते शोधताना जुन्या थरांतून उखडून वर आलेल्या कवचाची. दोन्हींवर उपाय एकच: एका कवचावर निर्णय घ्यायचा नाही आणि दुसऱ्या गटाची साक्ष काढायची. त्याच नमुन्यांचा चिमूटभर गाळ आम्ही चुनखडी सूक्ष्मशैवालांचं काम करणाऱ्यांकडे पाठवला. सुतुरॅलिसच्या पातळीच्या आसपास त्यांना स्फेनोलिथस हेटेरोमॉर्फस हा त्यांच्या गटातला जीवाश्म मिळाला. हा साधारण १.७७ ते १.३५ कोटी वर्षांमधला. रेषा बारीक करायला तो पुरत नाही, पण आपण भलत्याच काळात उभे नाही एवढं त्यातून पक्कं झालं.

मग वर्णन लिहायला बसले. जातीचं नाव, लेखक, वर्ष; आधी कोणी कोणत्या नावाने नोंदवली त्याची यादी; कप्पे, सांधे, अपर्चर, भिंत, आकारमान; शेजारच्या जातींपासून फरक; आणि माझ्या नमुन्यांतली व्याप्ती. फरकाचा परिच्छेद मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला. "भिंतीवर नितळ कडेची किमान काही अपर्चर" असं लिहिलं तर "काही म्हणजे किती?" असा प्रश्न आलाच. शेवटी ठरलं ते असं: सांध्यापासून स्पष्टपणे दूर असलेलं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली खात्री पटलेलं एक अपर्चर दिसलं तरी कवच ऑर्ब्युलिनात घ्यायचं, आणि खात्री नसेल तिथे जातीपुढे 'सीएफ' लिहायचं, म्हणजे तिच्याशी तुलना करण्याजोगं. माझ्या तक्त्यात असे सीएफ बरेच आहेत. परीक्षकांनी त्यांबद्दल विचारलंच. मी त्यांना फोटो दाखवले.

ताईंचं आणि माझं एका कवचावरून अजूनही जुळलेलं नाही. त्या म्हणतात सर्क्युलॅरिस, भिंतीवरची ती दोन भोकं विरघळण्याने झालेली. मला एका भोकाची कड पुरेशी नितळ वाटते. ते कवच सुतुरॅलिसच्या पहिल्या नोंदीच्या लगेच खालच्या नमुन्यातलं आहे, म्हणजे ताईंचं खरं असेल तर पातळी आहे तिथेच राहते आणि माझं खरं असेल तर एक नमुना खाली सरकते. छापायच्या तक्त्यात आम्ही ताईंचं मत धरलं, कारण पुरावा अपुरा असताना पातळी खाली ओढू नये हे मलाही पटतं. स्लाइडच्या मागे दोन्ही मतं तारखेसह लिहिली आहेत, आणि त्या दोन पातळ्यांच्या मधल्या सेंटिमीटरांतले आणखी नमुने मिळावेत म्हणून कोचीला नवा अर्ज गेला आहे.